आलेखात उचल आणि खाडेही दिसावेत

आर्थिक आकडेवारी चित्ररूपात मांडणाऱ्या सॉफ्टवेअर स्पर्धांचे विषय बहुधा ठरलेले असतात : शेअर बाजार, कर्जे, डिजिटल पेमेंट. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये जाहीर केलेल्या ‘हार्बिंजर’ हॅकेथॉनचा विषयही पेमेंटचाच होता. केजला अशी स्पर्धा भरवायची तर आकडे ऊसतोड मजुरांच्या घरचे घ्यावेत.

हंगामाआधी नवरा-बायकोच्या ‘कोयत्या’ला मुकादमाकडून उचल मिळते आणि ती तोडीतून फेडायची असते. दिवस बुडाला की खाडा, आणि खाड्याचा दंड. ओटीपोटात दुखत असले, अंगावरून जात असले तरी बाई फडात उभी राहते, त्यामागे हाही हिशेब असतो. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१९ मध्ये बीड जिल्ह्याची स्थिती पाहिली, तेव्हा ८२ हजारांवर ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांवर महिलांचे गर्भाशय काढलेले आढळले.

उचल, खाडे, औषधपाणी आणि शस्त्रक्रियेसाठी काढलेले कर्ज एकाच आलेखावर यावे. नावगाव अर्थातच वगळून. लाल-हिरव्या रंगांवर सगळी भिस्त नको. काही पुरुषांना हे रंग वेगळे ओळखू येत नाहीत. स्तंभ शून्यापासूनच सुरू व्हावेत, नाहीतर लहानसा फरकही डोंगराएवढा दिसतो. परीक्षकांत आशा कार्यकर्ती हवी. मोबाइलवरचा आलेख तिला दोन मिनिटांत बायकांना समजावता आला, तरच गुण द्यावेत. आणि हो, रात्रभर जागून कोड लिहिण्याची प्रथा इथे नको. झोप उडालेल्या डोक्याकडून बेरीजही चुकते.