गडाच्या दारात स्पायडरमॅन

दिवाळीची सुट्टी लागली की आमच्या नगरात (कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच बसलंय) गल्लोगल्ली मातीचे किल्ले उभे राहतात. 2025 च्या जुलैमध्ये रायगड, शिवनेरी, साल्हेर अशा मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यामुळे त्या दिवाळीत आमच्या भागातल्या किल्ले स्पर्धेला वेगळाच उत्साह होता. मीही परीक्षक होते.

एका अंगणात चार-पाच मुलांनी विटा, गोणपाट आणि चिखलाचा रायगड केला होता. उतारावर अळीव हिरवेगार उगवलेले. मातीचे मावळे मात्र दोनच. बाकीची फौज जुन्या खेळण्यांच्या डब्यातून आली होती. एक हात तुटलेल्या स्पायडरमॅनला एम-सीलचं पागोटं नि टूथपिकचा भाला. हिरवा हल्क गेरूने रंगवून दारावरचा पहारेकरी केलेला. आणि एका बाहुलीला आईच्या ब्लाऊजपीसच्या चिंधीचं नऊवारी नेसवून, पाठीला बाळ बांधून तिची हिरकणी! (हिरकणीचं बाळ घरी होतं, त्याच्यासाठीच ती कडा उतरली, असं मी सांगितल्यावर मुलांनी लगेच बाळ सोडलं आणि पायथ्याच्या खोपटात नेऊन ठेवलं.)

“स्पायडरमॅन शिवकाळात कुठून आला?” आमच्यातल्या एकांनी विचारलं. गुण कापले गेले. पहिलं बक्षीस बाजारातून आणलेल्या प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या तयार किल्ल्याला मिळालं. त्या निकालावर माझीही सही आहे. तेव्हापासून मला ते खुपतंय.

मैत्रिणींनो, आपल्या लहानपणी किल्ल्यावर काय कमी गमती होत्या? घाटातून मोटारी जायच्या, बुरुजावर बंदूकवाले प्लॅस्टिकचे सैनिक असायचे. तेव्हा कुणी इतिहास बिघडला म्हणून ओरडलं नाही. महाराजांच्या मूर्तीशी मात्र खेळ नको, हे मलाही पटतं. पण त्या मुलांनी सिंहासनाला हातच लावला नव्हता. आणि आपण बायका गौरींच्या आराशीत, रुखवतात जुन्या बाहुल्यांना साड्या नेसवून नवरी, पाणी भरणारी, जात्यावर बसलेली करतोच ना?

परदेशात मोठी माणसं जुन्या खेळण्यांचे भाग जोडून, रंगवून एका गोष्टीतलं पात्र दुसऱ्या गोष्टीत नेतात आणि त्यातून नव्या मूर्ती घडवतात. ऑस्ट्रेलियात टास्मानियातल्या सोनिया सिंग यांनी टाकून दिलेल्या भडक मेकअपच्या बाहुल्यांचे चेहरे पुसून साध्या पोरीसारखे रंगवले. त्यांच्या आईने त्या बाहुल्यांना स्वेटर विणले. 2015 मध्ये त्या बाहुल्या जगभर गाजल्या. आपल्याकडे पुण्यात ‘आयुका’मध्ये अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करून दाखवली, 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मग आमच्या अंगणातल्या पोरांनी तेच केलं तर गुण का कापायचे?

यात पैशाचाही भाग आहे. परदेशी खेळण्यांवरची आयात जकात 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 वर गेली, 2023 मध्ये 70 झाली. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर आयएसआय शिक्का सक्तीचा झाला. ते योग्यच झालं. पण माळ्यावर पडलेली त्याआधीची खेळणी जातील कुठे? प्लॅस्टिक, तारा, स्क्रू सगळं एकत्र, त्यामुळे भंगारवालाही नाक मुरडतो.

मात्र हा खेळ मुलांवर सोडून स्वयंपाकघरात जाऊ नका. आधी खेळण्यातले बटणसेल काढा. लहान मुलाने गिळला तर जिवावर बेतू शकतं. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून तो कोरडा घासून धूळ उडवू नका. नेलपेंट रिमूव्हरने मऊ बाहुलीचा चेहरा पुसला जातो, पण कडक प्लॅस्टिक विरघळून चिकट होतं, तेव्हा आधी तळव्याला लावून पाहा. एम-सील मळताना हातमोजे घाला. माझ्या बोटांची दोन दिवस आग झाली होती.

परवा पुढच्या स्पर्धेचे नियम ठरवायला कागद आला. ‘शिवकालीन नसलेल्या वस्तू ठेवू नयेत’ हे वाक्य मी खोडलं. त्याजागी ‘किल्ला मुलांनी स्वतः केलेला असावा, तयार किल्ला चालणार नाही’ असं लिहून परत पाठवलंय. मंडळाची बैठक रविवारी आहे. त्या मुलांच्या घरावरून जाताना मात्र अजून मान खाली जाते.