रुळांची गिरणी आणि आपली पोळी

मैद्याला दोष देण्याची सध्या एक रीतच पडून गेली आहे. वर्तमानपत्रांतील आरोग्याच्या सदरांतून, स्नेहसंमेलनांतील भाषणांतून आणि घरच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून एकच सूर ऐकू येतो, की गिरणीने आपले अन्न नासवले आणि आजीचे जाते होते तेच बरे. दुसऱ्या बाजूस, यंत्र जितके नवे तितके त्याचे पीठ उत्तम, असे मानणारी मंडळीही थोडी नाहीत. पांढरेशुभ्र पीठ हेच त्यांना प्रगतीचे लक्षण वाटते. आमच्या मते या दोन्ही पक्षांनी एका गोष्टीकडे पाठ फिरवली आहे. ज्या यंत्राविषयी ते बोलतात ते यंत्र नेमके काय करते आणि कोणाच्या जेवणासाठी ते घडवले गेले, हे पाहण्याची तसदी कोणीच घेत नाही. ते पाहिल्यावाचून यंत्राची स्तुती करू नये आणि निंदाही करू नये.

आरंभ दाण्यापासूनच केला पाहिजे. गव्हाच्या दाण्यात शेकडा 14-15 भाग कोंडा, दोन-तीन भाग अंकुर आणि उरलेला सुमारे 83 भाग आतला पिठूळ गर असतो. तांदूळ सडला की त्याचा कोंडा निघून जातो. गव्हाचे तसे नाही. गव्हाच्या पोटावर एक खोल घडी असते आणि साल त्या घडीतून पार आत शिरलेली असते. खिरीसाठी गहू कांडतात तेव्हा वरची साल सुटते, पण घडीत दडलेली जागची हलत नाही. म्हणजे गर वेगळा हवा असेल तर दाणा फोडून, उघडून, आतून खरवडल्याखेरीज गत्यंतर नाही. आमच्या बहुतेक वाचकांच्या ध्यानात ही एवढीशी घडी कधी आली नसेल. परंतु दळणाच्या यंत्रांचा निम्मा इतिहास तिने घडवला आहे.

जाते हे काम करू शकत नाही. खालच्या व वरच्या तळीमध्ये सापडलेला दाणा कोंड्यासह, अंकुरासह चिरडला जातो. कोंड्याचा भुगा पिठात मिसळतो, अंकुरातील तेल सगळ्या पिठाला लागते. मग कितीही बारीक चाळणी घेतली तरी भुगा झालेला कोंडा पिठाबरोबरच खाली येतो. आपल्या घरांतील बायकांना हे ठाऊक होते. दिवाळीच्या करंज्यांसाठी रवा-पिठी काढायची असली म्हणजे त्या गहू ओलवून, फडक्यात बांधून ठेवीत आणि मग दळीत. ओलाव्याने साल चिवट होते, तिचे तुकडे मोठे राहतात आणि ती चाळणीत अडकते. आजच्या मोठ्या गिरण्यांतही दळणापूर्वी गव्हाला पाणी देऊन कित्येक तास मुरत ठेवतात व त्याचा ओलावा शेकडा 16 च्या आसपास आणतात. तत्त्व तेच, फक्त तेथे ते मोजमापाने चालते.

आता रुळांकडे वळू. लोखंडाचे दोन रूळ शेजारी शेजारी, उलट दिशांनी फिरणारे, आणि मध्ये बारीक फट, एवढेच हे यंत्र प्रथमदर्शनी दिसते. उसाच्या चरकासारखे ते दाणा पिळत असेल, असा पुष्कळांचा समज असतो. वास्तविक त्याची खुबी अशी, की दोन्ही रूळ सारख्या वेगाने फिरतच नाहीत. एक रूळ दुसऱ्याच्या सुमारे अडीच पट वेगाने फिरतो. दोहोंच्या अंगावर तिरप्या खाचा कोरलेल्या असतात. संथ रूळ दाण्याला धरून ठेवतो आणि वेगवान रूळ त्याला कात्रीसारखा उलगडून आतला गर खरवडतो. पहिल्या जोडीत फट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. तेथे पीठ फारसे पडतच नाही, नुसता भरडा होतो. तो चाळून जाड तुकडे दुसऱ्या जोडीकडे जातात. तिच्या खाचा अधिक बारीक व फट अधिक अरुंद. असे चार-पाच वेळा झाले म्हणजे कोंड्याच्या पापुद्र्यावर गराचा अंश फारसा उरत नाही. मधल्या मध्ये जो रवा निघतो त्यावर खालून हवेचा झोत सोडून हलकी साल उडवून लावतात. आपल्याकडे सुपाने पाखडतात तोच हा प्रकार. स्वच्छ झालेला रवा मग गुळगुळीत रुळांतून जातो. त्यांच्या वेगात फरक थोडा आणि फट मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असते. तेथे रव्याचा मैदा होतो. अंकुर मात्र तेलकट असल्याने दळला न जाता चपटा होतो आणि चाळणीवर राहतो.

एवढ्यावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. रुळांची गिरणी म्हणजे वेगाने फिरणारे जाते नव्हे. जाते दळते, रूळ निवडतात. दळणे हे त्यांच्या कामाचे केवळ साधन आहे. या भेदाकडे दुर्लक्ष झाल्यामुळेच आपल्याकडील सगळा वाद भरकटला आहे.

हे निवडण्याचे वेड कोणाला लागले व का लागले, हे पाहिल्यावाचून यंत्राचा हेतू कळत नाही. हंगेरीचा गहू कठीण, आणि तेथील पेठेत पांढऱ्या पावाला मोल. पायरीपायरीने दळण्याची कल्पना त्या प्रदेशात दगडाच्या गिरण्यांतही रूढ होती. याकोब झुल्त्सबर्गर या स्विस अभियंत्याने 1830 नंतरच्या दशकात रुळांची चालती गिरणी उभी केली आणि काउंट इश्तवान सेचेनी यांच्या पुढाकाराने 1840 च्या सुमारास पेश्त शहरात तसा कारखाना निघाला. अडचण होती ती रुळांच्या धातूची. साधे लोखंड झिजे. झुरिकच्या फ्रीडरिश वेगमान यांनी चिनी मातीचे रूळ करून पाहिले. पीठ उत्तम निघे, पण असे रूळ नाजूक. शेवटी उत्तर आले ते रेल्वेच्या चाकांकडून! बुडापेस्टच्या गांझ कारखान्यात वितळलेले लोखंड धातूच्या साच्यात ओतून त्याची बाहेरची त्वचा एकदम थंड करीत. त्यामुळे पृष्ठभाग काचेसारखा कठीण होई आणि आतला भाग चिवट राही. याच रीतीने त्या कारखान्याचे प्रमुख आंद्राश मेखवार्ट यांनी रूळ ओतले आणि 1874 मध्ये सुधारलेल्या यंत्राचे पेटंट घेतले. आगगाडीचे चाक आणि करंजीचा मैदा यांचा असा संबंध असेल हे कोणाच्या स्वप्नातही आले नसते. पुढे कार्ल हागेनमाखर यांनी एकावर एक रचलेल्या, आडव्या झुलणाऱ्या चाळण्यांचा संच काढला आणि गिरणीचे मुख्य अंग पूर्ण झाले.

हंगेरीची ही विद्या अमेरिकेस गेली त्यामागे एक दारुण प्रसंग आहे. मिनिआपोलिस येथे दगडांवर चालणारी वॉशबर्न ए नावाची प्रचंड गिरणी होती. 2 मे 1878 रोजी हवेत तरंगणाऱ्या पिठाच्या धुळीने पेट घेतला आणि स्फोटात 18 माणसे मृत्युमुखी पडली. पीठ हे दारूगोळ्यासारखे उडू शकते, हा धडा जगाने त्या दिवशी घेतला. विल्यम द ला बार या अभियंत्याकडे फेररचनेचे काम आले. तो हंगेरीत गेला आणि मजुराच्या वेषात तेथील गिरण्या पाहून आला असे सांगतात. नवी गिरणी उभी राहिली ती रुळांसह आणि धूळ ओढून घेणाऱ्या यंत्रांसह. नंतरची सुमारे अर्धशतकभर मिनिआपोलिस ही पिठाची राजधानी मानली गेली. त्यानंतरच्या सुधारणा म्हणजे गोळीदार बेअरिंगे, हवेच्या नळ्यांतून मालाची वाहतूक, फट आपोआप राखणारी योजना, दाण्यादाण्याचे चित्र घेऊन खडा वेगळा करणारा कॅमेरा इत्यादी. त्या सर्वांनी मूळ काम अधिक नेटके केले, बदलले नाही.

मूळ काम पांढरा पाव हे होते. अंकुर गेल्यामुळे पीठ खवट होईना. महिनोन्‌महिने टिकू लागले, जहाजांतून दूरदेशी जाऊ लागले. व्यापाराला हे वरदान वाटले. परंतु अंकुर व कोंडा यांच्याबरोबर ब-1 जीवनसत्त्वाचा बहुतांश, लोह आणि चोथाही गेला. तेव्हा हे कोणास कळत नव्हते, कारण जीवनसत्त्व हा शब्दच नव्हता. सडलेल्या पांढऱ्या तांदळावर वाढणाऱ्या कोंबड्यांना पांगळेपण येते हे जावा बेटावर क्रिस्तियान आइकमान यांनी 1890 नंतरच्या दशकात पाहिले, आणि त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले ते 1929 मध्ये. म्हणजे यंत्र आधी आले व त्याची किंमत कळली मागाहून.

येथे यंत्राचे निंदक म्हणतील, ‘मग आमचे तरी दुसरे काय म्हणणे आहे?’ त्यांनी पुढची हकीकतही ऐकावी. दुसऱ्या महायुद्धात जहाजांची टंचाई पडली तेव्हा ब्रिटिश सरकारने 1942 मध्ये फर्मान काढले, की शंभर भाग गव्हातून 85 भाग पीठ काढलेच पाहिजे. त्याच गिरण्या, तेच रूळ, तेच कामगार. पाव मात्र करडा झाला आणि अधिक पौष्टिक झाला. लोकांनी नाके मुरडली हा भाग वेगळा. वेगळा काढलेला कोंडा व अंकुर पुन्हा पिठात सोडायचा की गुरांच्या पेंडीत, हे रूळ ठरवीत नाहीत. ते गिरणीचा मालक ठरवतो, आणि मालकाला गिऱ्हाईक सांगते. आज तोच कोंडा सुबक पाकिटात घालून गव्हापेक्षा चढ्या भावाने आपल्यालाच विकला जातो, हा विनोद रुळांनी केलेला नाही.

परंतु यंत्राच्या स्तुतिपाठकांनाही आमचे एक सांगणे आहे. पावासाठी जी सुधारणा, ती पोळीसाठी सुधारणा असेलच असे नाही. चक्कीवरून आणलेला डबा हातात घेतला तर तो ऊन लागतो. दगडांच्या दाबाने व उष्णतेने पिठातील पिष्टाचे कण तडकतात. युरोपातील दळणाऱ्याला हा दोष वाटतो, कारण ते फार झाले की पाव चिकट होतो. उलट तडकलेले कण पाणी पुष्कळ धरतात आणि म्हणूनच कणीक मऊ मळली जाते, पोळी डब्यात दुपारपर्यंत मऊ राहते. वाचकांनी घरी समान वजनाची चक्कीची कणीक व मैदा घ्यावा आणि दोहोंचे सारख्याच मऊपणाचे गोळे होण्यास किती पाणी लागते ते मोजून पाहावे. कणकेला अधिक लागेल. पाकिटातून कणीक विकणारे मोठाले कारखाने रुळांच्या जोडीने किंवा त्यांऐवजी चक्कीचे दगड बसवतात ते काही जुन्या परंपरेच्या प्रेमामुळे नव्हे.

आम्ही माळव्यात राहतो. येथील काळ्या जमिनीतला कठीण, पिवळसर गहू रवा होण्यास फार योग्य. इंदूरच्या गहू संशोधन केंद्राने अशा गव्हाचे ‘पुसा तेजस’सारखे वाण दिले आहेत. आपल्या महाराष्ट्रीय घरांतला शिरा आणि शेजारच्या घरांतले बाफले एकाच गव्हाचे असतात, पण बाफल्याला जाडसर, कोंड्यासकट पीठ लागते व शिऱ्याला स्वच्छ रवा. रव्याचे काम रुळांनी करावे, त्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. बाफल्याचे व पोळीचे काम दगडाला राहू द्यावे. एकाच यंत्राने सर्व करावे आणि ज्याला ते जमत नाही ते पदार्थ मागासलेले ठरावेत, ही विचारसरणी आम्हांस मान्य नाही.

आता जात्याविषयी. जात्यावरच्या ओव्या हे आपल्या भाषेचे धन आहे. गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह गावोगावी फिरून लाखाहून अधिक ओव्या जमा केल्या, हे ऋण फिटण्याजोगे नाही. तथापि पहाटे तीन-चारला उठून घरादारासाठी दळण दळणाऱ्या बाईला विचारून कोणी जात्याचे गुणगान केलेले नाही. जे पुरुष ‘जाते बरे होते’ म्हणतात त्यांनी आठ दिवस खुंटा धरून पाहावा. ओव्यांमध्ये गाणे आहे तितकाच दमही आहे, आणि गल्लीतल्या विजेच्या चक्कीने ती वेठ संपवली, हे तिचे उपकार आहेत.

मधल्या सुटीत आमच्या वर्गांतून डबे उघडतात तेव्हा निम्म्या डब्यांत बिस्किटे, खारी किंवा शेवयांचे झटपट प्रकार असतात. पाकिटावर घटक उतरत्या क्रमाने छापावे लागतात असा नियम आहे. पहिला शब्द बहुधा ‘मैदा’ हाच आढळतो. पाव तपकिरी दिसला म्हणून तो सबंध गव्हाचा असे समजू नये, कारण जळक्या साखरेच्या रंगानेही पाव तपकिरी होतो. हे वाचण्यास चष्मा पुरतो, पदवी लागत नाही.

राहिला प्रश्न सुधारणेचा. दीडशे वर्षे रुळांची सुधारणा पांढऱ्या पावाच्या हिशेबाने झाली, कारण सुधारणारे पाव खात होते. कोंडा व अंकुर न सांडता, पीठ न करपवता, थोड्या विजेत पोळीची कणीक देणारी जोडी कशी असावी, तिच्या खाचा किती, वेगाचे प्रमाण किती, हा हिशेब पोळी खाणाऱ्यांनीच मांडायचा आहे. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत दळणाचे शास्त्र शिकवणारी स्वतंत्र शाळा आहे. अभियांत्रिकी आणि वैद्यक या दोन वाटांखेरीज तिसरी वाट ज्यांना दिसत नाही, अशा आमच्या अकरावी-बारावीच्या मुलामुलींनी तिची माहिती मागवावी.