ट्राउटबेकचे दगडी घर

इंग्लंडमधील जुन्या वास्तू म्हटल्या की राजवाडे आणि कॅथेड्रले यांचीच वर्णने आपल्या वाचनात येतात. मला मात्र विंडरमिअर सरोवराजवळ, ट्राउटबेक या डोंगराळ गावी असलेले टाउनएंड हे शेतकऱ्याचे घर अधिक मोलाचे वाटते. ब्राउन नावाचे एकच कुटुंब १९४३ पर्यंत, चारशे वर्षांहून अधिक काळ, या ठिकाणी नांदले.

हे लोक उमराव नव्हते. स्कॉटलंडच्या सरहद्दीचे रक्षण करावे आणि त्याबद्दल जमीन वंशपरंपरेने कसावी, अशी त्या मुलखातील वहिवाट होती. दोन्ही राज्ये पहिल्या जेम्सच्या छत्राखाली आल्यावर सरहद्द उरली नाही, तेव्हा हक्कही उरला नाही, असे १६२० मध्ये फर्मान निघाले. वतनाचे कागद ज्यांनी पेटीत जपले आहेत, त्यांना ही धाकधूक समजावून सांगायला नको. १६२५ मध्ये स्टार चेंबर न्यायालयाने वारसाहक्क मान्य केला. टाउनएंडचा मुख्य भाग १६२६ च्या सुमाराचा मानतात, तो उगीच नव्हे. जमीन नातवाला मिळणार याची खात्री असल्यावाचून शेतकरी दगडात घर बांधीत नाही.

घराची रचना अगदी रोखठोक आहे. जाड दगडी भिंतींवर चुन्याचा पांढरा हात, आणि छपरावर तिथल्याच डोंगरातली पाटीच्या दगडाची कौले. त्या दगडाचे चौकोनी कोपरे सहजी साधत नाहीत, म्हणून धुराडी गोल. अशा धुराड्यांचे वर्डस्वर्थला मोठे कौतुक. डोंगरातली पांढरी घरे मात्र त्याच्या डोळ्यांना खुपत! आत ‘फायरहाऊस’ म्हणजे चुलाण्याची मुख्य खोली, घराचे माजघरच म्हणा. पलीकडच्या ‘डाउनहाऊस’मध्ये भाजणे, धुणे आणि बिअर गाळणे चाले. ओटच्या भाकऱ्या ठेवण्याचे ओक लाकडाचे कोरीव कपाटही पाहण्याजोगे आहे. एकोणिसाव्या शतकातील जॉर्ज ब्राउनला तर कोरीव कामाचे वेडच होते. वडिलोपार्जित सामानावरही त्याने आपली पटाशी चालविली, त्यामुळे जुने कोणते आणि त्याचे कोणते, हे ओळखताना जाणकारांचीही तारांबळ उडते.

महायुद्धात पडलेल्यांच्या स्मरणार्थ ब्रिटिश सरकारने १९४६ मध्ये राष्ट्रीय भूमिनिधी स्थापन केला. त्याच्याच द्वारे १९४८ मध्ये हे घर नॅशनल ट्रस्टकडे आले. युद्धाने खंगलेल्या राष्ट्राला एका शेतकऱ्याचे माजघरही राखण्यासारखे वाटले, ही गोष्ट मला त्या वास्तूइतकीच महत्त्वाची वाटते. आणि राखले ते सामानासकट. आपल्याकडे वाडा पडतो तेव्हा दाराची चौकट आणि झोपाळ्याच्या कड्या आधी जुन्या बाजारात जातात. उरतो एक फोटो. टाउनएंडमध्ये ब्राउनांनी पिढ्यान्‌पिढ्या जमविलेली पुस्तके अजून घरातच आहेत. त्यांतल्या काहींची दुसरी प्रत जगात कोठे असल्याचे ठाऊक नाही.