गंगाखेडची जनी आणि पडद्यावरचा नास्तिक

‘ओ माय गॉड’, ‘पीके’ असले सिनेमे देवाधर्माची टिंगल करतात आणि पोरं त्यानं नास्तिक होतात, असं परभणीत आजही चारचौघांत ठासून सांगणारे भेटतात. ‘पीके’ डिसेंबर 2014 मध्ये लागला तेव्हा देशात ठिकठिकाणी निदर्शनं झाली, अहमदाबादेत थिएटरांची तोडफोड झाली. उलट माझे काही पुरोगामी मित्र याच सिनेमांना नास्तिक विचाराचा विजय मानतात. मला दोघांचंही म्हणणं पटत नाही.

टिंगलीचा आरोप आधी घेतो. टीव्हीवर ‘ओ माय गॉड’ लागला होता. भूकंपात दुकान पडलेला कानजी विम्याचे पैसे मागतो, कंपनी म्हणते ही तर देवाची करणी, म्हणून तो देवावरच दावा लावतो आणि महाराज मंडळींना कोर्टात खेचतो. माझी आजी एकादशी न मोडणारी, गळ्यात तुळशीची माळ. ती पदर तोंडाला लावून हसत होती. मधेच म्हणाली, “खरंच बोलायलाय की रे त्यो!” दिवेलागणीला उठली, देवापुढं वात लावली, हात जोडले आणि पुन्हा येऊन सिनेमा बघत बसली. हसल्यानं तिचा देव जरासुद्धा हलला नाही.

हलणार कसा? देवाला धारेवर धरणं हे आपल्याकडं बाहेरून आलेलं नाही. संत जनाबाई आमच्या जिल्ह्यातल्या गंगाखेडची. तिनं आपल्या अभंगांत विठ्ठलाशी भांडण मांडलं, त्याला शिव्या घातल्या, आणि तोच विठ्ठल तिच्या जात्यावर दळायला बसतो अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. याच गोदाकाठी वरच्या अंगाला पैठणला एकनाथांनी भारुडांतून ढोंगी जोगी-महंतांची सोंगं आणली. गाडगेबाबा तर कीर्तनात प्रश्नांवर प्रश्न विचारून लोकांना हसवायचे आणि तिथंच नवसाला बकरं कापणाऱ्याला झाडायचे. त्यांच्यावर धर्म बुडवल्याचा ठपका ठेवायला आज कुणी धजणार नाही. सिनेमावर चिडणारे देवाची बाजू घेतात असं मला म्हणूनच वाटत नाही. ते देवाच्या नावावर चालणाऱ्या व्यवहाराची बाजू घेतात.

हा व्यवहार सगळ्यांत नेमका पकडला उमेश कुलकर्णींच्या ‘देऊळ’नं. करडी नावाची गाय शोधता शोधता औदुंबराखाली डोळा लागलेल्या केशाला दत्त दिसतो. गावात दवाखाना व्हावा म्हणून अण्णांची धडपड चाललेली. दवाखाना राहतो बाजूला, उभं राहतं देऊळ, आणि त्याच्या पाठोपाठ दुकानं. 2011 चा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार ‘ब्यारी’सोबत त्याला विभागून मिळाला. पुढं जानेवारी 2020 मध्ये साईबाबांचं जन्मस्थान म्हणून आमच्या पाथरीच्या विकासासाठी 100 कोटींची घोषणा झाली आणि त्याच्या निषेधात 19 जानेवारीला शिर्डी बंद राहिली. पाथरीकरांची श्रद्धा खरी आहे, शिर्डीकरांचीही खरी आहे. पण त्या दिवसांत बाबांच्या शिकवणीवर कुणाला बोलताना मी ऐकलं नाही. चर्चा होती ती निधीची, भाविकांच्या ओघाची आणि लॉजची. ‘देऊळ’ बघितलेल्याला त्यात नवल वाटायचं कारण नव्हतं.

आता पुरोगामी मित्रांकडं वळतो. ज्या कानजीच्या वाक्यांवर तुम्ही टाळ्या वाजवता, त्याला शेवटी अर्धांगवायू होतो आणि साक्षात कृष्ण येऊन बरं करतो. नास्तिकाचा युक्तिवाद चमत्कारानं मोडला जातो. ‘पीके’सुद्धा देव नाही असं कुठं म्हणत नाही. आपल्याला बनवणाऱ्या देवावर त्याचा भरवसा आहे. माणसांनी बनवलेला देव तेवढा त्याला नको. हा नास्तिकतेचा विजय म्हणता येत नाही. मला यांत भीती दिसते. प्रेक्षक दुखावेल या धास्तीनं नास्तिकाला मध्यंतरापर्यंत मोकळं सोडायचं आणि शेवटी देवाच्या पायाशी आणून घालायचं. ‘देऊळ’ तेवढा प्रामाणिक राहिला. केशाला दिसलं ते खरं की स्वप्न, याचा निकाल त्यानं लावला नाही.

ही भीती उगाच आहे असंही मी म्हणणार नाही. ‘ओ माय गॉड’ सप्टेंबर 2012 मध्ये आला. वर्ष व्हायच्या आत, 20 ऑगस्ट 2013 ला, पुण्याच्या ओंकारेश्वर पुलावर अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा गोळ्या घालून खून झाला. आपला विरोध देवाधर्माला नाही, त्यांच्या नावानं होणाऱ्या शोषणाला आहे, हे ते जन्मभर सांगत होते.

पण नास्तिक माणूस आपल्या घराघरांत आहे. माझे काका कधी देवापुढं हात जोडायचे नाहीत. तरी आजीला गंगाखेडला जनाबाईच्या मंदिरात तेच न्यायचे. ती आत दर्शनाला, हे बाहेर पायरीवर, तिच्या चपला मांडीशी धरून. तिनं कधी “आत ये” म्हटलं नाही, त्यांनी कधी “कशाला जातीस” म्हटलं नाही. परत येताना दोघं बसमध्ये एकमेकांची थट्टा करत यायचे. शेवटच्या आजारातही काकांनी देवाला हाक मारली नाही, आणि आजीनं त्यांच्यासाठी रोज वात लावली.

मराठी पटकथाकारांना माझी कळकळीची विनंती आहे, हा माणूस लिहा. त्याच्या तोंडी विनोद घाला, त्याच्या हातून चुका होऊ द्या, त्याच्या आईची श्रद्धा तितक्याच मायेनं दाखवा. आणि सिनेमा संपेपर्यंत त्याला नास्तिकच राहू द्या.