समोरच्या ताटात काय आहे?

शीवला महापालिकेच्या रुग्णालयात मी परिचारिका होते. रात्रपाळी संपली की आम्ही दोघीतिघी किंग्ज सर्कलच्या कॅफे मद्रासमध्ये जायचो. १९४० पासूनचं हे उपाहारगृह. गर्दीच्या वेळी आत स्वतंत्र टेबल मिळत नाही. खुर्ची रिकामी दिसेल तिथे बसायचं, समोर कोणीही असो. रसमवडा आल्या आल्या चमचा घालायचा नाही, वडा आधी भिजू द्यायचा, हे मला अशाच एका तमिळ आजोबांनी सांगितलं. कॉफी उंचावरून ओतून कशी निववायची, तेही त्यांचं बघूनच शिकले. माटुंगा स्टेशनाजवळ रामा नायक यांचं १९४२ मधलं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे. तिथे केळीच्या पानावर शेजारचा माणूस आधी कशाला हात लावतो, हे मी अजूनही बघते.

मुंबईची ओळख अशी एका टेबलावर होते, आणि त्यातून नवे पदार्थही जन्मतात. माटुंग्याहून थोडं पुढे गुरू तेग बहादूर नगर आहे. या स्थानकाचं जुनं नाव कोळीवाडा. मूळच्या कोळी वस्तीशेजारी फाळणीनंतर पंजाबी आणि सिंधी निर्वासित येऊन राहिले. प्रॉन्स कोळीवाडा हा तळलेल्या कोलबीचा पदार्थ तिथला. माझं माहेर वरळी कोळीवाड्यातलं. आमच्या घरी कोलबीला आलं-लसणाचं वाटण, हळद, तिखट लावतात आणि तांदळाच्या पिठात घोळवून तळतात. प्रॉन्स कोळीवाड्यातलं बेसन आणि ओवा आमच्याकडे कोणी घालत नाही. ते आवरण पंजाबातलं, अमृतसरी मासळीचं. कोलबी इथल्या किनाऱ्याची, पीठ निर्वासितांचं. दोन्ही वस्त्या दूर दूर असत्या तर हा पदार्थ झालाच नसता.

फूड कोर्टात देशोदेशीचे पदार्थ मिळतात, खरं आहे. पण तिथे जो तो आपला ट्रे घेऊन आपल्याच माणसांत बसतो.

जुनी उपाहारगृहं बरीचशी जुन्या, कमी भाड्याच्या गाळ्यांत तगली आहेत. इमारत पाडून टॉवर उभा राहिला की तळमजल्यावर बँक येते, सराफाचं दुकान येतं. नव्या भाड्यात स्वस्त इडली विकणं शक्यच नाही. त्यातून काही सोसायट्या मासळीचा वास नको म्हणतात. हे मला अजिबात मान्य नाही. या शहरात कोळ्यांच्या आधी कोण आलं होतं?

गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं, त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. रांधून विकणाऱ्यांच्या पाठीशी हे शहर पूर्वी उभं राहिलेलं आहे. आता पुनर्विकासाची परवानगी देताना, जिथे खानावळ होती तिथे तळमजल्यावर तेवढीच जागा परवडणाऱ्या भाड्यात खानावळीसाठीच राखून ठेवायला हवी. तिथे काय शिजावं हे ठरवण्याचा अधिकार सोसायटीला असता कामा नये. धूर आणि वास गच्चीवरून बाहेर सोडणारी चिमणी आराखड्यातच दाखवता येते. सगळं बांधून झाल्यावर भांडत बसावं लागत नाही.

गुरू तेग बहादूर नगरात निर्वासितांच्या मोडकळीला आलेल्या इमारतींच्या पुनर्विकासाचं काम निघालं आहे. सुरुवात तिथल्याच नकाशांपासून करावी.