आधी घरातल्या सगळ्यांची सोनोग्राफी

अंधेरी ते बोरिवली, घाटकोपर ते मुलुंड पट्ट्यात राहणाऱ्या भावाबहिणींनो,

तुमच्या आई-वडिलांना किंवा सख्ख्या भावंडाला ‘पॉलिसिस्टिक किडनी’ निघाली आहे का? मग याच आठवड्यात बीपी मोजून घ्या आणि पोटाची सोनोग्राफी करा. काही दुखत नाही म्हणून थांबू नका.

आम्ही थांबलो. वडिलांना हा आजार होता, पण दादाच्या रक्तातलं क्रिएटिनिन नॉर्मल आलं आणि फाइल कपाटात गेली. या आजारात किडनीत पाण्याने भरलेल्या गाठी होतात. त्या वाढत असताना किडनीचा उरलेला भाग जादा काम ओढतो, त्यामुळे क्रिएटिनिन वर्षानुवर्षं नॉर्मल दिसतं. बीपी मात्र आधीच चढतं. सोसायटीच्या हॉलमधल्या रविवारच्या ‘फुल बॉडी चेकअप’वर विसंबू नका, नुसत्या रक्त-लघवीत गाठी दिसत नाहीत.

आता दादाचं आठवड्यातून तीनदा, चार-चार तास डायलिसिस चालतं. किडनी द्यायला ताई पुढे आली आणि तपासणीत तिच्याही दोन्ही किडन्यांत गाठी निघाल्या. रिपोर्ट हातात घेऊन ती एवढंच म्हणाली, “मग माझ्या पोरांचं काय?”

आई-वडिलांपैकी एकाला हा आजार असेल, तर प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, तो येण्याची शक्यता निम्मी. एकाला झाला म्हणून दुसरा सुटत नाही. घरात आजार असताना 15 ते 39 वयात दोन्ही किडन्या मिळून 3 गाठी दिसल्या, की निदान होतं. 40 ते 59 वयात प्रत्येक किडनीत 2 लागतात. तिशीआधी सोनोग्राफी स्वच्छ आली तर लगेच पेढे वाटू नका, ती पुन्हा करावी लागते. चाळिशीनंतर स्वच्छ आली तर खुशाल वाटा. शंका उरलीच, तर रक्तावरून जनुकांची तपासणी होते.

“मुलीचं लग्न जमू दे, मग बघू” हे आमच्याच घरात बोललं गेलंय. त्यात वर्षं गेली. वेळीच कळलं तर बीपी आटोक्यात ठेवता येतं, मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या थांबवता येतात आणि काही रुग्णांना गाठींची वाढ मंद करणारं टॉल्व्हॅप्टन हे औषध देता येतं. ते कुणाला द्यायचं, हे किडनीचे डॉक्टरच ठरवतील. अचानक असह्य डोकं दुखलं, तर मात्र तडक इस्पितळ गाठा. या आजारात मेंदूतली रक्तवाहिनी फुगून फुटू शकते.

राजावाडी, कूपर, कांदिवलीचं शताब्दी, जे जवळ असेल तिथे केसपेपर काढा. घरातल्या रुग्णाचा जुना रिपोर्ट सोबत न्या आणि डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता सांगा: “आमच्या घरात पॉलिसिस्टिक आहे.”