म्हैसूरची पागा: आधी मोतद्दार, मग ठाण

रेसकोर्स व घोडेस्वार पोलीस यांमुळे म्हैसूरमध्ये अश्वपालनाची परंपरा टिकून आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर निर्बंध आले; घोडेस्वारीची हौस मात्र राहिली. हौशी मालकांचे घोडे पूर्ण देखभालीवर सांभाळणे हा शेतकऱ्यांना जोडधंदा होऊ शकतो. परंतु त्यासाठी ठाण बांधणे पुरेसे नाही. चारशे किलोच्या घोड्यास रोज चारा व चंदी मिळून सुमारे आठ किलो शुष्क खाद्य, मुबलक पाणी, खरारा आणि सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदी लागते. पोटशूळ मध्यरात्रीही उठतो. म्हणून अनुभवी मोतद्दार व जवळचा पशुवैद्यक लाभल्याखेरीज परक्याचा घोडा स्वीकारू नये. ग्लँडर्स माणसासही होतो. रक्ततपासणीविना नवा घोडा पागेत घेऊ नये. दर ठरवताना रात्रीच्या राखणीचा खर्चही धरावा.